कुडाळ, कुळीथ आणि रिकामी पाचवी मात्रा : मुलांना ‘मधला ठोका’ कसा शिकवावा

भजनी ठेका एकदा बोटांनी मांडीवर वाजवून बघा : धिं ऽ ना धिं । ऽ धिं ना ऽ. आठ मात्रा. हात चालू ठेवून आता पहिल्या आणि पाचव्या मात्रेला पाय आपटा. पहिल्याला हात-पाय एकत्र पडतात, त्यात विशेष काही नाही. पाचव्याला मात्र पाय पडतो आणि हात रिकामा राहतो. धिं आधीच, चौथ्यावर वाजून गेलेला असतो आणि पुढचा सहाव्यावर येतो. देवळात भजन ऐकताना मान हलते ती या रिकाम्या जागेपाशी. (बोल बुवागणिक थोडे बदलतात. तुमच्याकडे वेगळे असतील तर तुमचेच ठेवा, पाचवी रिकामी असली म्हणजे झालं.)

जोर जिथे येणार असं कानाला वाटतं तिथे तो न देता अलीकडे-पलीकडे द्यायचा, याला इंग्रजीत सिंकोपेशन म्हणतात. आपल्याकडे त्याला एकच एक नाव नाही. कुणी ‘आड मारली’ म्हणतं, बँडमधली मुलं ‘ऑफबीट’ म्हणतात. मी मुलांसमोर ‘मधला ठोका’ म्हणतो आणि पुढेही तोच शब्द वापरणार आहे.

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी आठ-दहा मुलं माझ्या खळ्यात येतात. सहा वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची. काहींना पखवाज शिकायचा असतो, काहींना आयांनी मोबाईलपासून सोडवायला पाठवलेलं असतं. त्यांना शिकवताना जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे पायरीपायरीने लिहितोय. तुम्ही संगीत शिक्षक असायची गरज नाही. घरातलं एक मूल आणि स्वतःचे दोन पाय असले तरी सुरुवात होते.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण मला ती कळायला तीन वर्षं लागली. मधला ठोका हाताने वाजत असला तरी तो शिकवायचा पायाला. मुलाच्या अंगात मुख्य ठोका चालू नसेल, तर मध्ये मारलेली टाळी मध्ये राहतच नाही. चार-सहा वेळा मारली की तीच मुख्य वाटायला लागते आणि सगळं गाणं अर्ध्या मात्रेने सरकतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत पाय आहेच. कंटाळा आला तरी तो सोडू नका.

सामान

खडू, टाळांची एक जोडी, मोकळी जागा. कीबोर्ड, रेडिमेड रिदम, तबल्याचं अॅप यांतलं सुरुवातीला काहीच नको. लहानांना तर नकोच. जर्मनीतल्या लाइप्झिगच्या संशोधकांनी २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना तीन प्रकारे ढोल वाजवायला लावलं होतं : समोरच्या माणसाबरोबर, ढोल वाजवणाऱ्या यंत्राबरोबर आणि नुसत्या स्पीकरच्या आवाजाबरोबर. माणसाबरोबर वाजवताना मुलांची लय सर्वांत चांगली जुळली. आरतीत आजोबांच्या मांडीवर बसून झांज वाजवणारं पोर ज्याने पाहिलंय, त्याला याचं नवल वाटणार नाही.

पहिली पायरी : नुसतं चालणं

मुलांना गोल उभं करा आणि तुम्ही स्वतः त्यांच्यात चाला. मिनिटाला ऐंशीच्या आसपास पावलं. घड्याळाच्या सेकंदकाट्यापेक्षा थोडं जलद, धावण्यापेक्षा बरंच हळू. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा स्वतःचा वेग याहून जास्त असतो, ती पुढे पळतात. पळू द्या. दोन-तीन दिवस त्यांच्या वेगाने चालून मग हळूहळू खाली आणा.

लय बसली का, हे टाळ्यांवरून कळत नाही. मी चालता चालता एखाद्याला विचारतो, “आज डब्यात काय नेलं होतंस?” उत्तर देतानाही पाय तसेच पडत राहिले तर लय बसली. “घावणे... आणि...” म्हणताना पाय थांबले, तर अजून आठवडाभर चालायचं. बाकी काही नाही.

दुसरी पायरी : पुळणीवरचे शिंपले

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओहोटीच्या वेळी पुळणीवर जा. पाणी नुकतंच मागे सरलेलं असतं, तिथली वाळू घट्ट आणि ओली असते. पावलाचा ठसा तिथे टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्पष्ट उठतो. एका मुलाला सरळ रेषेत, सारख्या ढांगा टाकत सोळा पावलं चालायला सांगा. झाली मात्रांची ओळ तयार. भातखंड्यांच्या स्वरलिपीत मात्रा जशा ओळीने लिहितात तशीच, पण ही पायाने लिहिलेली.

आदल्या दिवशी घरात तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी) झाल्या असतील तर त्यांच्या शिंपल्या धुऊन पिशवीत घालून न्या. त्या मुलांच्या हातात द्या आणि दर दोन ठशांच्या बरोब्बर मध्ये एक ठेवायला सांगा. आता तेच मूल त्याच ठशांवर पाय टाकत परत चालतं आणि शिंपली आली की टाळी वाजवतं. पाय-टाळी-पाय-टाळी. मधला ठोका कुठे असतो हे तुम्हाला शब्दांनी सांगावंच लागत नाही, तो वाळूवर पडलेला दिसतो.

मग खरी मजा. एकाआड एक शिंपली उचला आणि पुन्हा चालायला लावा. मग बाकीच्याही उचला आणि एकच राहू द्या, भलत्याच ठिकाणी. सोळा पावलांत एकच टाळी, तीही दोन पावलांच्या मध्ये. सगळी पोरं श्वास रोखून बघत असतात. गेल्या वर्षी सात वर्षांच्या एका मुलीने त्या एकट्या शिंपलीपाशी टाळी वाजवायच्या ऐवजी उडीच मारली, दोन्ही पाय शिंपलीवर. “बुवानू, चुकलंय?” लय म्हणून चुकली नव्हती. उडी बरोबर मध्येच पडली होती. फक्त पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते तिला कळेना. सगळ्यांना दाखवायला मला तीच चूक हवी होती : मधल्या ठोक्यावर पाय गेला की पुढची वाट हरवते.

पावसाळ्यात पुळणीवर जाता येत नाही. तेव्हा खळ्यात किंवा पडवीत खडूने पावलं काढा. पागोळ्यांच्या टपटपीवर टाळ्या वाजवायचा प्रयोगही मी एका आषाढात करून पाहिला. ऐकायला काव्यात्मक वाटतो, उपयोग शून्य. पाऊस ओसरतो तशी पागोळी मंदावते आणि मुलं तिच्याबरोबर मंदावतात.

घरात आजी असेल तर तिला विचारा, एकाच व्हायनात (उखळात) दोघी मिळून भात कशा कांडायच्या. एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. दोघींची मुसळं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दुसरीला पहिलीच्या बरोब्बर मध्ये यावंच लागतं. आमच्या शेजारच्या आजीने हे नुसत्या दोन काठ्या घेऊन मुलांना करून दाखवलं, तेव्हा माझं आठवडाभराचं काम दहा मिनिटांत झालं.

तिसरी पायरी : कुडाळ

आता तोंड. इथे मराठीने आपली मोठी सोय करून ठेवलेली आहे.

शाळेच्या व्याकरणात वृत्तांचे गण असतात. य यमाचा, र राधिका, त ताराप... त्यातला ज गण म्हणजे ‘जनास’ : लघु, गुरु, लघु. एक मात्रा, दोन मात्रा, एक मात्रा. मुलांना तो पाठ असतो आणि परीक्षेनंतर ती विसरतात. पण सिंकोपेशनचा सर्वांत छोटा, सर्वांत शुद्ध नमुना तोच आहे. चार छोट्या मात्रांचा एक गट घ्या. पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पडतो :

पाय : ● – ● –
तोंड : कु डा ऽ ळ

कु पायाबरोबर येतो. डा पायाच्या मध्ये सुरू होतो आणि लांबत जातो. दुसरा पाय पडतो तो त्या लांबलेल्या डाच्या पोटात, तिथे तोंडाने नवीन काही म्हणायचं नसतं. मग ळ पुन्हा मध्ये. शब्दातला सगळ्यात वजनदार भाग पाय नसलेल्या जागी सुरू होतो, एवढीच सिंकोपेशनची गोम.

हंगेरीचे झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणपद्धतीत याच आकृतीला मुलांकडून ‘ती-ता-ती’ किंवा ‘सिन-को-पा’ म्हणवून घेतात. आपल्याला परका शब्द घ्यायची गरज नाही. कुडाळ आहे, कुळीथ आहे, जहाज आहे, गणेश आहे, समुद्र आहे. ‘समुद्र’मधला मु जोडाक्षराआधी आल्याने गुरु होतो, हे मुलांना आठवून द्या, म्हणजे व्याकरणाच्या बाईही खूश.

एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. बोलताना आपण ‘कुडाळ्’ असं तोडून म्हणतो, शेवटचा अ गिळतो. तसं म्हटलं की ळला स्वतःची मात्राच मिळत नाही. श्लोक म्हणताना किंवा अभंग गाताना जसा शेवटचा स्वर उघडा ठेवतो तसा ठेवायला सांगा : कु-डाऽ-ळ. पहिल्या दिवशी मुलं हसतात. हसून घेऊ द्या.

क्रम असा ठेवा. आधी चालत चालत एकच शब्द, न थांबता, निदान वीस वेळा. मग दोन शब्दांची साखळी : कुडाळ-कुळीथ, कुडाळ-कुळीथ. मग एक सरळ शब्द आणि एक आडवा. सरळ शब्दाला ‘आंबा’ घ्या, दोन गुरु, दोन्ही पायांवर अलगद बसतात. आंबा-कुडाळ, आंबा-कुडाळ. सरळ आणि आडवा लागोपाठ आले म्हणजे मुलाला फरक अंगात जाणवतो. नुसतं कुडाळ-कुडाळ करत राहिलं तर पाच मिनिटांनी कान त्यालाच सरळ समजायला लागतो. मग मुलांनाच शब्द आणायला सांगा. ‘सुरंगी’ आणली तर ती बसत नाही, गी दीर्घ आहे. ‘देवगड’ही नाही. का बसत नाही ते त्यांनीच पायावर म्हणून शोधायचं. माझ्याकडे एकाने ‘उधाण’ आणला तेव्हा मी त्याला गूळपोहे दिले.

शब्द पक्के झाले की शब्द सोडा आणि त्यांच्या जागी टाळ्या ठेवा. कु, डा आणि ळ यांना टाळी, मनात शब्द, पाय चालूच. बहुतेक मुलं इथे अडखळतात. “माका ह्या जमाचा नाय” हे वाक्य याच पायरीला ऐकू येतं. अशा वेळी टाळी बंद करून पुन्हा तोंडाकडे जा. तोंडाला जे येतं ते हाताला आज नाही तर परवा येतंच.

चौथी पायरी : आकडे गिळायचा खेळ

एक ते आठ मोजा, प्रत्येक आकड्याला टाळी. वेग सारखा. पाय एक, तीन, पाच, सातला. हे सोपं.

आता पाच गिळा. म्हणजे पाच मनात म्हणायचा, तोंड बंद, टाळी नाही. पाय मात्र पडायचा. दोन-चार आवर्तनं चुकतात, कुणीतरी पाचला टाळी वाजवतंच आणि सगळे त्याच्याकडे बघतात. त्याला बाद करू नका. बाद करण्याच्या खेळात ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तोच आधी बाहेर बसतो.

मग आठही गिळा. मग दोनही. उरले किती? एक, तीन, चार, सहा, सात.

एक – तीन चार – सहा सात –

हे थोडं जलद म्हणा आणि आकड्यांच्या जागी बोल घाला : धिं ऽ ना धिं । ऽ धिं ना ऽ. जन्मल्यापासून ऐकलेला भजनी ठेका. मी कधीच आधी सांगत नाही की हा भजनी ठेका आहे. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला एखाद्याचे डोळे चमकतात आणि तो ओरडतो, “अरे, ह्यां भजन!” तो क्षण त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

बोल आले की पाय अर्धे करा, फक्त एक आणि पाचला. लेखाच्या सुरुवातीला तुम्ही मांडीवर वाजवलं, ते आता मुलं उभ्याने करतायत.

पाचवी पायरी : दोन गट

निम्मी मुलं मुख्य ठोका धरतात, निम्मी मधला. मग अदलाबदल. लिहायला एक ओळ, करायला महिना.

माझी फजिती इथेच झाली. गणपतीत एका घरी आरतीला माझी चार पोरं झांजा घेऊन उभी होती. मी त्यांना आदल्या आठवड्यात मधला ठोका शिकवला होता आणि मोठ्या हौसेने खूण केली : मारा मध्ये. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्या कडव्यात कोपऱ्यातल्या काकांचा टाळ झांजांकडे ओढला गेला, मग बायकांचा सूर ओढला गेला, आणि तिसऱ्याला अख्खं घर अर्ध्या मात्रेने पुढे. ढोलकीवाला एकटा जुन्या जागी. यजमानांच्या वडिलांनी आरतीचं ताट हातात धरूनच विचारलं, “पोरांनू, टाळ खंय मारतास?” चूक पोरांची नव्हती. मुख्य ठोका धरणारे संख्येने कमी आणि मधले चौघे, तेही झांजा घेऊन, म्हणजे सगळ्यात कडक आवाजाचे.

तेव्हापासून दोन नियम. मुख्य ठोक्याचा गट नेहमी मोठा. आणि कडक आवाजाचं वाद्य मुख्य ठोक्यावर, मऊ आवाज मध्ये. झांज पायाबरोबर, टाळी किंवा चुटकी मध्ये. सवय झाली की उलटं करून बघा, पण घरात, आरतीत नव्हे.

गौरींच्या दिवसांत फुगडी घालणाऱ्या बायकांकडे मुलांना मुद्दाम घेऊन जा. पाय कुठे पडतात आणि तोंडातून ‘फू’ कुठे निघतो, हे आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून ऐकायला सांगा. सगळ्या एकाच जागी ‘फू’ करत नाहीत. कोण कुठे करतं, याची पैज लावा.

सहावी पायरी : फणस, फणस, गर

साधारण नऊ-दहा वर्षांनंतर ही घ्या, आधी घाई नको.

आठ मात्रांचे दोन सारखे तुकडे केले तर चार आणि चार. केरवा ताल तसाच चालतो, पहिलीला सम (आवर्तनाची सुरुवात) आणि पाचवीला खाली (तिथे टाळी न देता हात फिरवतात). पण आठाचे तीन तुकडेही होतात : तीन, तीन, दोन. फ-ण-स, फ-ण-स, ग-र. सगळी अक्षरं लघु, प्रत्येकाला एक मात्रा, आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर :

फ ण स फ ण स ग र

पाय एक, तीन, पाच, सातला ठेवा. पहिला फ पायावर, दुसरा फ चौथ्या मात्रेवर, म्हणजे पायांच्या मध्ये, आणि ग पुन्हा पायावर. एकदा बरोबर, एकदा चुकल्यासारखं, पुन्हा बरोबर. क्युबाच्या संगीतात हीच आकृती पायाभूत आहे, तिला तिथे त्रेसीयो म्हणतात. एकदा हा हिशोब कळला की मुलं तो वरातीच्या बँडमध्ये, सिनेमाच्या गाण्यांत शोधायला लागतात. घरचे वैतागतात, तेवढं सहन करायला सांगा.

जोर द्यायचा म्हणजे ओरडायचं नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बाकीची अक्षरं हळू म्हटली की जोर आपोआप दिसतो.

लिहून ठेवणं

पाटीवर आठ घरं आखा. वाजतं तिथे बोल, लांबतं किंवा रिकामं राहतं तिथे ऽ. समेच्या घरावर फुली, खालीच्या घरावर शून्य. एवढीच खूण भातखंडे पद्धतीत मुलं पुढे वापरणार आहेत, तेव्हा तीच शिकवा. पण वाजवून झाल्यावर लिहा, लिहून वाजवू नका. कागद बघून वाजवणाऱ्या मुलाची नजर पुढच्या घरावर असते आणि पाय थांबतो.

मोठ्या मुलांना इथे थोडी शास्त्राची भाषा सांगता येते. तबल्यात तिहाई (एकच तुकडा लागोपाठ तीनदा) समेच्या आधीच संपवली तर अनागत, सम ओलांडून नंतर संपवली तर अतीत. ऐकणाऱ्याला सम कुठे आहे हे पक्कं माहीत असतं म्हणूनच ही गंमत चालते. अमेरिकेत १८९० च्या दशकात कृष्णवर्णीय वादकांनी रुजवलेल्या रॅगटाइममध्येही पियानोवर डावा हात सरळ चालतो आणि उजवा मध्ये-मध्ये खेळतो. डावा हात म्हणजे आपल्या खेळातला पाय, असं सांगितलं की मुलांना लगेच पटतं.

दोन गैरसमज शिकवणाऱ्यांतही असतात. झपताल दहा मात्रांचा किंवा रूपक सात मात्रांचा म्हणून तो सिंकोपेटेड होत नाही. तिथे विभाग विषम आहेत, जोर मात्र आपल्या जागीच आहे. (रूपकात समेलाच खाली असते, ती गंमत वेगळी, तिचा यात घोळ घालू नका.) आणि आडी लय म्हणजे दोन मात्रांच्या वेळात तीन बसवणं, म्हणजेच दीडपट. ऐकायला ती तिरकी वाटते, पण ते गणित निराळं आहे. हे दोन्ही एकाच महिन्यात शिकवलं तर मुलांचा जो गोंधळ होतो, तो निस्तरायला दोन महिने जातात. अनुभवाने सांगतोय.

अडलं तर

मूल पुढे पळतंय : मधला ठोका अलीकडे येतोय. रिकामी जागा भीतीदायक वाटते म्हणून ते तिच्यावरून उडी मारतं. तिथे काहीतरी हालचाल द्या, खालीला फिरवतात तसा हात हवेत फिरवायला सांगा. रिकामी मात्रा हाताने भरली की घाई थांबते.

पाय हाताच्या मागे जातोय : हात बंद. पहिल्या पायरीला परत. यात कमीपणा नाही, मीही नवीन ताल घेताना आधी खळ्यात चालतोच.

तुमच्याकडे बघून वाजवतंय : पाठ करून उभे राहा.

लाजतंय, वाजवतच नाही : त्याला मुख्य ठोक्याच्या गटात टाळ द्या आणि विसरून जा. दोन-तीन आठवड्यांनी मधल्या टाळीबरोबर त्याची मान हलताना दिसेल. हात लावायची घाई करू नका.

दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा रोजची पंधरा बरी. चौथ्या पायरीपर्यंत यायला माझ्याकडच्या मुलांना साधारण एक पावसाळा लागतो, काही गणपतीपर्यंत पोचतात, काही शिमग्यापर्यंतही नाही.

ढोलकी कधी द्यायची

भजनी ठेका सगळे मिळून टाळ्यांनी वाजवतात. तीन आवर्तनं वाजवायची, चौथं आवर्तन अख्खं गिळायचं : आठही मात्रा मनात, टाळी नाही, तोंड नाही, डोळे मिटलेले. पाचव्याच्या समेला सगळ्यांची एकच टाळी. या चाचणीत पाय आपटायचा नाही, फक्त अंगठा हलवायला परवानगी.

पहिल्या वेळी ती सम फळीवरची भांडी कोसळल्यासारखी ऐकू येते. कुणी सातवरच येतं, कुणी दोनवर. रोज शेवटी एकदाच करा, चुकलं तरी दुसरी संधी त्या दिवशी नाही. ज्या संध्याकाळी शेजारच्या वाडीत ऐकू जाईल अशी एकच टाळी पडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी ढोलकी खुंटीवरून काढा.